चार पावलांवरून

फळी खाली आली तेव्हा नाना जिवाच्या आकांताने ओरडला, आणि ओरडला ते "ताई!" असं. आता समोरचा सुतार म्हणजे सहा फुटी, दाढीवाला, दोन मुलांचा बाप. त्याला ताई म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. शिवाय तो जन्मापासून बहिरा, त्यामुळे ताई म्हटलं काय आणि मामा म्हटलं काय, त्याला सारखंच. सुतार पाठमोरा होता. जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलेल्या वाशांवर गुडघे टेकून तो पेन्सिलीने खुणा करत होता आणि वर परांचीवर प्लंबर फळ्या रचून ठेवत होता. त्यातली एक निसटली, कडेला आली आणि पडू की नको अशी थोडा वेळ डोलत राहिली. तो थोडा वेळ नानाला पुरेपूर मिळाला होता. त्याला फळी दिसली, सुताराची पाठ दिसली, पाठीवरचा घामाचा डाग दिसला, आणि मधली जागाही दिसली. चार पावलं. चाळीस वर्षं नकाशे काढण्यात गेलेल्या माणसाला तेवढ्या अंतरासाठी टेप लागत नाही. ती चार पावलं टाकायची सोडून त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बहिऱ्या माणसाला हाक मारली.

फळी सुतारापासून वीतभर अंतरावर पडली. वासा हादरला तो गुडघ्यांना कळला, तेव्हा सुतार वळला. आधी त्याने फळी पाहिली, मग वर प्लंबरकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांची उघडी तोंडं पाहिली, आणि शेवटी नानाकडे पाहिलं. नानाचे हात अजून तोंडाशीच होते. सुतार उठला. त्याने बोटाने हवेत मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि तेवढीच पावलं टाकत तो नानाजवळ आला. त्याच्या खांद्यावर त्याने दोन बोटांनी टकटक केलं. असं करायचं असतं, एवढंच त्याला सांगायचं होतं, आणि ते कळायला दुभाष्याची गरज नव्हती. मग तो पाणी प्यायला निघून गेला. विटा वाहून लाल झालेले हात झटकत बेकरीवाली बाई नानाजवळ आली. "तुम्ही निदान ओरडलात तरी," ती म्हणाली. "आमच्या तर तोंडातून आवाजसुद्धा फुटला नाही." नानाला बरं वाटावं म्हणूनच ती बोलली होती. पण हे वाक्य त्याने पूर्वी कधीतरी ऐकलेलं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द, आणि कोणाच्या तोंडून ते काही केल्या आठवेना.

इथे येण्याचं खूळ लेकीचं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत नवं सभागृह बांधायचं आहे, ज्याला सहा आठवडे हातभार लावता येईल त्याने यावं, असा कागद तिने कुठूनतरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्यापुढे ठेवला. "बाबा, घरात बसून तुम्ही आईच्या कपाटांचे नकाशे काढता. त्यापेक्षा जा की इथे," ती म्हणाली. बायको म्हणाली, "जातील कसले! पायाला माती लागेल ना." तेवढ्यावरून तो चिडून हो म्हणाला, असं घरात सगळे समजतात. कागदावरचा 'कर्णबधिर' हा शब्द त्याने तीनदा वाचला होता, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी पाहतो तर अकरा माणसं आणि सात भाषा. बेकरीवाली, प्लंबर, एक निवृत्त नर्स, बस चालवणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी, आणखी कोण कोण. प्रत्येकजण जगाच्या वेगवेगळ्या टोकाहून या शहरात येऊन पडलेला. शहराची भाषा सगळेच मोडकीतोडकी बोलायचे आणि एकमेकांच्या चुका एकमेकांना शिकवायचे. हातवारे करण्यात मात्र सगळ्यांचे हात चटकन मोकळे झाले, आणि शाळेतल्या बहिऱ्या माणसांना त्याचीच गंमत वाटायची. भाषा न येणं म्हणजे काय हे या लोकांना आधीच ठाऊक आहे, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या. बाई स्वतः बहिऱ्या, याच शाळेत शिकलेल्या. "आम्हाला खुशाल बहिरे म्हणा," त्यांचे हात म्हणाले आणि शेजारी उभी असलेली दुभाषी मुलगी ते बोलून दाखवत होती. "हातांची भाषा कोणाला थोडीफार येते का?" असंही त्यांनी विचारलं. नानाने आपल्या बुटांकडे पाहिलं. आपल्याला एक बहीण आहे आणि ती बहिरी आहे, हे एवढं साधं वाक्य. ते बोलायला जीभ का जड व्हावी, त्याचं त्यालाच कोडं पडलं.

सभागृहाचा नकाशा पाहून मात्र तो खुळावला. जमीन लाकडी, मुद्दाम खाली पोकळी सोडलेली, म्हणजे एका टोकाला कोणी पाय आपटला की दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याच्या तळव्यांना कळावं. भिंतींचे कोपरे गोल, कारण दोन माणसं हातांनी बोलत येत असली तर एकमेकांकडे बघत असतात आणि काटकोनातल्या कोपऱ्यावर तिसऱ्याला धडकतात. दारांना काच. त्याने आयुष्यभरात शेकडो खोल्या काढल्या होत्या, पण खोलीत कोण कोणाकडे बघत असेल हा विचार करून एकही रेघ मारली नव्हती. जमीन पुरी होईपर्यंत पाय आपटून उपयोग नव्हता. म्हणून दोरी. गवंडी विटांची ओळ सरळ यावी म्हणून ताणतात ती लाइनदोरी; तिचं एक टोक बहिऱ्या कारागिराच्या पट्ट्याला आणि दुसरं टोक त्याच्या ऐकणाऱ्या जोडीदाराच्या मनगटाला. एक झटका म्हणजे माझ्याकडे बघ, दोन झटके म्हणजे बाजूला हो. नाना सुताराचा जोडीदार होता. कानामागे पेन्सिल खोचायची सवय म्हणून सुताराने त्याला हातांच्या भाषेत नाव दिलं होतं, कानामागे एक बोट. पण दोरीचा त्याला संकोच वाटायचा. बासष्टाव्या वर्षी खुंट्याला बांधल्यासारखं काय ते! त्या दिवशी टेप आणि दोरी एकमेकांत अडकायला लागली तेव्हा त्याने मनगटावरची गाठ सोडली आणि ते टोक खांबाच्या खिळ्यावर अडकवलं. पाचच मिनिटं, असं स्वतःलाच बजावून.

चहाच्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. गोलच बसायचं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात, हा तिथला रिवाज. त्यांनी आधी सुताराला विचारलं. सुताराचे मोठे, खरबरीत हात हलायला लागले आणि दुभाषी मुलगी सपाट आवाजात बोलायला लागली. तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, हात म्हणतील तेच मी बोलणार. त्यात पदरचं घालायचं नाही आणि गाळायचं तर मुळीच नाही. "तो म्हणतोय, माझ्याकडचं टोक माझ्या पट्ट्याला होतं. दुसरं टोक खिळ्यावर होतं. कोणी अडकवलं ते मी पाहिलं नाही, माझी पाठ होती." मग त्याच सपाट आवाजात, "तो म्हणतोय, हाक छान असणार. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते." लोक हसले, प्लंबरसुद्धा हसला, बिचाऱ्याचा चेहरा तोवर पांढराफटक पडलेला होता. बाई हसल्या नाहीत. त्या नानाकडे वळल्या. "दोरी खिळ्यावर कोणी अडकवली?" नाना म्हणाला, "आठवत नाही." आणि मग त्याला ते वाक्य दुभाषी मुलीच्या हातांवर दिसलं. कपाळापाशी एक हालचाल, मग झटकलेला हात. झालं. खोटं बोलायला एवढीशी जागा लागते आणि ते एवढं स्वच्छ दिसतं, हे तो पन्नास वर्षांत विसरून गेला होता. बाईंचे हात म्हणाले, "आठवलं की सांगा. उद्या सांगितलंत तरी चालेल." सुताराने दोरी गोळा केली, तिची नीट गुंडी केली आणि नानाच्या खिशात घातली. रागाने म्हणावं तर त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि थट्टा म्हणावी तर तीही नव्हती. नानाला काहीच कळेना.

दुपारी त्याला हलकं काम दिलं, खिळे निवडायचं. खिळे निवडता निवडता एका जुन्या नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने स्वयंपाकघर काढायला घेतलं. कोणाचं म्हणून नाही, असं तो स्वतःला सांगत होता, पण पहिली रेघ मारली तेव्हाच ती खोली कोणाची ते हाताला ठाऊक होतं. हा दरवाजा. हा नळ. ही भांड्यांची मांडणी. दाराच्या अंगाला खाट, कारण घर दोन खोल्यांचं होतं आणि खाट दुसरीकडे मावत नव्हती. हा जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली फरशीचा तुकडा सरकवलेला असायचा. स्टोव्हवर आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं. खाटेवर सात वर्षांचा नाना, जादूगाराच्या गोष्टीचं पुस्तक घेऊन. स्टोव्हच्या पुढ्यात पाटावर, स्टोव्हकडे पाठ करून, अकरा वर्षांची ताई, ओले केस विंचरत. आई शेजारी शिलाईचं मशीन बघायला गेलेली. फरश्या मोजल्या तर खाट ते ताई अंतर आठ फरश्या, म्हणजे लहान मुलाची चार पावलं. त्याने ते लिहिलं. ताईच्या समोरच्या भिंतीवर काय होतं ते मात्र आठवेना. खिडकी नव्हती, नक्की नव्हती. फळी असेल, खुंटी असेल. ती भिंत कोरीच राहिली. ऑफिसात असा नकाशा साहेब न बोलता परत पाठवायचे. भिंत कोरी आहे म्हणजे कोणीतरी तिथे जाऊन बघितलेलं नाही.

"मी हाक मारली," तो आईला म्हणाला होता. हे त्याला लख्ख आठवत होतं. आई दारातून धावत आली, ताई जमिनीवर तडफडत होती, पाणी खाटेच्या पायांपर्यंत आलं होतं, आणि आईने काही विचारायच्या आत तो म्हणाला, मी हाक मारली, मी हाक मारली. पण हाक? ती मारल्याचं त्याला आठवत होतं, की मारली असं सांगितल्याचं? तो शोधायला लागला. फरशीचा तुकडा सरकला. स्टोव्ह कलला. पातेलं एका बाजूला झुकलं आणि झाकण कडेला आलं. वाफ सरळ वर जात होती ती तिरकी झाली. त्याचा अंगठा पुस्तकात होता, पान हरवू नये म्हणून, त्या अंगठ्याचा दाब अजून जाणवत होता. आवाज कुठेच नव्हता. पण मग त्या दिवशीचा कसलाच आवाज त्याला आठवत नव्हता, आईच्या किंचाळण्याचाही नाही. मग एकट्या हाकेचाच का आठवावा? सात वर्षांचं पोर ते. घाबरलं असेल. घाबरल्यावर तोंड उघडतं तरी किंवा मिटतं तरी. त्याने स्वतःची बाजू मांडली, मग विरुद्ध बाजू मांडली, आणि दोन्ही बाजूंचे वकील इतके सारखे बोलायला लागले की कोणाचं कोण ते कळेनासं झालं. आज तर हाक मारली ना, खरीखुरी, अकरा माणसांच्या साक्षीने? तीही कोणाच्या उपयोगाची नव्हती. मग तेव्हाची मारली काय आणि नाही मारली काय. तरीसुद्धा त्याला वाटत होतं की एवढं एक कळलं पाहिजे. आपण गप्प बसून बघत राहिलो होतो का.

आणि मग ते वाक्य कोणाचं ते आठवलं. आत्याचं. दवाखान्याच्या बाकावर बसून आत्या वडिलांना म्हणाली होती, "तो बिचारा ओरडला तरी. हिला ऐकूच येत नाही, त्याला तो काय करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कोणीतरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. मग आत्या म्हणाली, "अशी पोर घरात ठेवायची म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुसऱ्या कोणाच्या तरी देखरेखीखाली राहू दे." दोन महिन्यांत ताईची रवानगी दूरच्या शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत झाली. बहिऱ्यांची शाळा. जाताना तिच्या डाव्या खांद्यावरची कातडी अजून गुलाबी होती. पण त्याआधी, दवाखान्यातून घरी आल्यावर, ती खाटेवर पालथी पडलेली असायची, डावा हात अंगाशी बांधलेला, आणि मोकळ्या उजव्या हाताने ती आईशी बोलत होती. घरात आईवडिलांना हातांच्या चारच गोष्टी कळायच्या, ये, जेव, नको, झोप. बाकी ताईचं सगळं बोलणं नानाच्या हवाली. ती दोघांनी मिळून रचलेली भाषा होती, आणि तिचा घरातला दुभाषी तो एकटा. नानाचं नाव त्या भाषेत पुढच्या पडलेल्या दातांच्या फटीवर ठेवलेलं बोट. "काय म्हणतेय रे ती?" आईने विचारलं. "दुखतंय म्हणते," तो म्हणाला. आई रडली, ताईचे केस कुरवाळत बसली. पण 'दुखतंय'ला त्यांच्या भाषेत एकच हालचाल होती, छातीशी मूठ पिळायची, संपलं. ताईचा हात मात्र कितीतरी वेळ हलत होता. इतका वेळ तो काय सांगत होता? नाना आठवायला गेला की त्याला हात दिसायचा, हाताच्या हालचाली दिसायच्या नाहीत, कारण तो तेव्हा जमिनीकडे बघत होता.

सुट्टीत ताई घरी आली तेव्हा तिचे दोन्ही हात भराभर चालत होते. नवी भाषा, खरी भाषा, शंभर मुलामुलींनी रोज वापरलेली. तिला मैत्रिणी होत्या, त्यांची नावं होती, भांडणं होती, विनोद होते, आणि ते सगळं ती नानाला सांगायला बघत होती. त्याला त्यातलं निम्मंही कळेना. ती हसायची, थांबायची, त्याच्यासाठी जुन्या भाषेत हळूहळू सांगायची, लहान मुलाला भरवावं तसं, आणि तो पुस्तक घेऊन बाहेर जायचा. पुढे ती त्याच शाळेत शिवण शिकवायला लागली. शाळेने पोरीचं सोनं केलं, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंच होतं. म्हणजे फरशीचा तुकडा सरकला नसता, तो गप्प बसला नसता, किंवा ओरडला नसता, जे काय असेल ते, तर ताई त्या दोन खोल्यांत चार खुणांवर आयुष्य काढत बसली असती. मग पश्चात्ताप करायचा तरी कशाचा? हा हिशेब त्याने आयुष्यात अनेकदा मांडायला घेतला होता आणि दरवेळी मध्येच उठून गेला होता. आता वर्षानुवर्षं ताईशी बोलते ती बायको. दर आठवड्याला फोन लावून, समोर तोंड करून, अंगात आल्यासारखे हातवारे करत ती आपल्या गुडघ्यांची, भाजीची, जावयाची हकीकत सांगते, आणि ताई खो खो हसते. नाना फोनच्या चौकटीच्या कडेला असतो. अर्धा खांदा, एक कान. शेवटी हात हलवतो.

संध्याकाळी घरी आल्यावर तो म्हणाला, "आज ताईला मी फोन लावतो." बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" "बरं आहे." "लावा मग. मी कणीक मळून येतेच. आणि नुसते बघत बसू नका त्यांच्याकडे, काहीतरी बोला." ती आत गेली. त्याने टेबलावर फोन उभा केला. तो घसरायला लागला म्हणून खिशातली दोरीची गुंडी काढून मागे टेकू लावला. पडद्यावर ताई आली. सहासष्ट वर्षांची, केस बारीक कापलेले, गळ्यात चष्मा. तिने इकडेतिकडे पाहिलं, बायको कुठे म्हणून खूण केली. आत, असं त्याने दाखवलं. मग काय करावं ते न सुचून त्याने नकाशाच उचलून तिच्यापुढे धरला.

ताईने चष्मा लावला, पुढे वाकली, आणि लगेच ओळखलं. खाटेवर बोट ठेवून हसली. दातांच्या फटीवर बोट, खाट, पुस्तक. तो मान हलवत राहिला. मग नकाशा डाव्या हातात तसाच धरून त्याने उजवा हात वर केला. तू इथे. मी इथे. स्टोव्ह. पाणी. जुनी भाषा हातातून अशी निघत होती की जणू कोणी दुसराच बोलत होता आणि तो नुसता बघत होता. मी, तोंडाशी हात, हाक? भुवया वर. मारली? नाही मारली?

ताईने कोऱ्या भिंतीकडे बोट केलं. इथे काय? माहीत नाही, तो म्हणाला. ताईने तळवा चेहऱ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने केस विंचरले. मग गालावरून वस्तरा फिरवला. वडिलांचा दाढीचा आरसा. अर्थात. केस विंचरत होती ती, आरशाशिवाय कशी विंचरेल? तो चाळीस वर्षं नकाशे काढत होता आणि एवढं त्याला सुचलं नव्हतं. ताईचे हात सावकाश, जुन्या भाषेत, पुढे बोलत होते. आरशात तू. तुझे डोळे, मोठे. मला वाटलं, माझ्याकडे बघतोस. तोंड... तिने दोन बोटांनी स्वतःचे ओठ मिटून धरले आणि तसेच धरून ठेवले. मग मी तुला हसवायला असं केलं. आणि सहासष्ट वर्षांच्या ताईने डोळे तिरळे करून जीभ बाहेर काढली. तू हसला नाहीस. मी म्हटलं, का हसत नाही हा? मग पाणी.

नानाने नकाशा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, आईला का नाही सांगितलंस? ताईला प्रश्नच कळला नसावा असा तिचा चेहरा झाला. सांगितलं की! तिने डावा हात अंगाशी दाबून धरला आणि नुसत्या उजव्या हाताने सगळं पुन्हा सांगितलं. आरसा, तू, डोळे, मिटलेले ओठ, मी जीभ, तू हसत नाहीस, का? पुरतं अर्धं मिनिट लागलं. आणि आता नानाला ओळखू आला, तो खाटेवरचा हात. हालचालीला हालचाल. ताई पुढे सांगतच होती. तू आईला सांगितलंस. आई रडली. मी वाट बघितली, आता तुला मार बसेल. बसला नाही. बाबाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, घरातल्यांनी तुला माफ केलं. मग मीही केलं. ती थांबली. चष्म्याआडून तिचे डोळे बारीक झाले. तू सांगितलंस ना?

नानाने मूठ छातीशी नेली आणि पिळली. दुखतंय. एवढंच सांगितलं.

ताई त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःची मूठ छातीशी नेली, पिळली, पुन्हा पिळली. दुखत तर होतंच. ती हसत होती की काय करत होती ते त्याला कळेना. खांदे हलत होते, चष्मा काढून ती पुसत होती, आणि पुसून झाल्यावरही पुसतच होती. तिला आता नव्याने माफ करायचं होतं की नव्याने रागवायचं होतं, ते तिचं तिलाही कळलं नसावं. त्यात पंचावन्न वर्षं गेलेली. नानाला वाटलं, फोन ठेवावा. त्याला वाटलं, आतून बायको यावी आणि गुडघ्यांचं सांगायला लागावं. बायको आलीच, कणकेचे हात पुढे धरून. तिने पडद्यावर पाहिलं, नानाकडे पाहिलं.

"अगंबाई, झालं काय?" ती म्हणाली. "ताई काय म्हणतायत?"

ताईने बायकोचे ओठ हलताना पाहिले. तिने चष्मा लावला, हात मांडीवर ठेवले आणि नानाच्या तोंडाकडे बघत बसली. तो काय सांगतो ते आज तिला बघायचं होतं.

"ती म्हणते," नाना म्हणाला आणि त्याने तोंड पडद्याकडे केलं. त्याने पुन्हा सुरुवात केली, सावकाश, ओठांवरून वाचता येईल असं, आणि बोलता बोलता हातांनीही. "ती म्हणते, समोर आरसा होता. ती म्हणते, मी बघत होतो. माझं तोंड मिटलेलं होतं."